सहा खाचांचा पट्टा

शिरगावच्या चढाला गाडीने पुन्हा गळा काढला.
पहाटेचे दोन. मागे बर्फात चाळीस क्रेट बांगडा,
पुढे बॉनेटखाली कुणीतरी
तव्यावर उलथनं घासत बसलेलं.
सुऱ्या क्लीनर म्हणाला, पाणी मारू?
मारलं. चार मिनिटं गप्प, मग दुप्पट.
साबण लावून झाला होता, मेणबत्ती घासून झाली होती,
तारामुंबरीच्या एकाने सांगितलं म्हणून
बायकोची पावडरसुद्धा.
दोन दिवस इंजिनाला मोगऱ्याचा वास होता, एवढंच.

जयवंत पुरळकर गॅरेजातच झोपतो,
टायरांवर फळी, फळीवर गोधडी.
उठला, लुंगी सावरली, बॅटरी मागितली नाही.
हातभर लांब स्क्रूड्रायव्हर घेतला,
टोक टेकवलं पुलीच्या बोल्टावर
आणि मूठ कानामागच्या हाडाला.
डाव्या कानाने ठार बहिरा,
म्हणून बहुतेक हाडाने ऐकतो.
एका पुलीवरून दुसरीवर, तिसरीवर.
तिथे थांबला.
"पट्टो बोंबलना नाय रे. पुली बोंबलता.
पट्टो निस्तो मार खाता."

पट्टा कुठून कुठे जातो याचा कागद
बॉनेटला चिकटवलेला असतो. माझा कधीच गळून गेला.
पुरळकरने क्रेटाखालच्या पाण्यात बोट बुडवलं
आणि चिऱ्याच्या भिंतीवर वाट काढली:
खालच्या मोठ्या चाकाला वळसा, वर डायनॅमो,
पाठ लावून पाण्याचा पंप,
मग टेन्शनरच्या खांद्यावरून परत तिथेच.
"बघून ठेव," सुऱ्याला म्हणाला, "सुकाच्या आदी."
सुऱ्या ओठ हलवत पाठ करत राहिला.
जांभ्याने तोवर अर्धी वाट पिऊन टाकली होती.

पान्याला पाइप अडकवून टेन्शनर ओढला,
त्याच्या मानेची शीर टरारली,
आणि पट्टा एकदम सैल पडला.
इतकी वर्षं ताणात होता.
सहा खाचा, दोन गुळगुळीत,
कडेला सुतळीसारखे धागे.
ती छोटी पुली त्याने बोटाने फिरवून माझ्या हातात दिली:
आत वाळू चावत होती.
जेटीचं खारं, बर्फाचं गोडं,
वर तळेबाजारची तांबडी धूळ.
"किती वर्सां ह्यो आवाज घेवन फिरतंस?"
मी म्हटलं, तीन.
त्याने उजवा कान पुढे केला. मी पुन्हा म्हटलं, तीन.

नवा पट्टा बसवताना एक खाच चुकली.
काढला. पुन्हा.
मागे पाणी ठिपकत होतं,
म्हणजे कोल्हापूरचा भाव ठिपकत होता.
मी काही बोललो नाही.
बोललो असतो, तर या वेळी त्याने डावा कान केला असता.

चावी मारली. धडधड आली,
वरची ती किंकाळी आली नाही.
मग बाकीचं सगळं ऐकू यायला लागलं:
दाराची बिजागरी, आरशाचा सैल स्क्रू,
झोपलेल्या सुऱ्याचं नाक,
डाव्या चाकात काहीतरी. ते नंतर बघू.
नांदगाव तिठा आला आणि गेला,
मी उगाच ॲक्सिलेटर दाबून पाहत होतो
येतो का अजून.

फोंड्याला, घाट लागायच्या आधी,
रेशमवयनीची टपरी अंधारात.
असं कधी झालं नव्हतं.
रोज मी गाडी लावतो तेव्हा
चहा कपात असतो, वाफेसकट.
वेळ चुकली म्हणून असेल म्हटलं, तर नाही,
याहून उशिरा आलोय मी, पंक्चर काढून, पाचलासुद्धा.
ती बाकावर पदर तोंडावर घेऊन झोपली होती.
दार आपटलं तशी दचकून उठली,
गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"गाडी बदललंस?"
नाही म्हटलं.
"मग पुलावरसून वराडलं नाय ता?"

मी केबिनमधून जुना पट्टा आणून दिला.
तिने तो दिव्याखाली धरला, उलटा केला,
खाचांवरून अंगठा फिरवला.
"ह्यो बोंबलत होतो? इतकोसो?"
आणि खुंटीला, गाळण्याशेजारी, अडकवून टाकला.

स्टोव्ह पेटेना. पिन मारली.
चहा व्हायला अकरा मिनिटं लागली.
मागे ठिपकत होतं.