निशाणी बांगडी

लिहिणाऱ्यानं आधी आडवी रेघ ओढली
कागदाच्या या काठापासून त्या काठापर्यंत,
मग दोरीवर बोंबील वाळत घालावेत
तशी एकेक मोडी अक्षरं टांगली.
शब्दांत फट नाही.
दम घ्यायचा तो बोरू बुडवताना.

शके सतराशे एकाहत्तर, घणसोलीचा खारबांध.
ठाण्याच्या कॉलेजात, तिसऱ्या मजल्यावर,
बंद पडलेल्या प्रयोगशाळेत बेसिनशेजारी माझा स्कॅनर.
प्रकल्प अठरा महिन्यांचा, त्यातले अकरा गेले.
यंत्राला मोडी शिकवतोय आम्ही दोघं,
मी आणि एका डोळ्यानं वाचणारे शृंगारपुरे सर.

यंत्र शिकतं. चुकतं तेही मन लावून.
आमच्याच टिपणातलं 'खार' त्यानं 'रवार' वाचलं,
आठवडाभर यादीत रवार जमीन पिकत होती.

कबुलायत अशी: बांध फुटला तर गावानं घालावा,
भरतीआधी उघाडीची फळी पाडावी,
मजुरी चार पायली भात.
खाली माणसं.
जोमा कान्हा, निशाणी नांगर.
हाशा धाकट्या, निशाणी वल्हं.
आणि तळाशी सात गोल, एकासारखा एक नाही,
निशाणी बांगडी.

यंत्रानं नांगराचा सात केला,
वल्ह्याचा पूर्णविराम,
बांगड्यांची शून्यं.
शून्यं सरकत मजुरीच्या रकान्यात जाऊन बसली
आणि चार पायली भाताचं झालं चार कोटी.

सर हसले. मग हसायचे थांबले.
म्हणाले, "एवढी मजुरी
बायकांना आजवर कुणी लावली नव्हती."

वरून मेल आला: डेटा स्वच्छ करा, गोल काढून टाका.
यादीत पर्याय तीनच,
सही, अंगठा, लागू नाही.
मी चौथा घातला. परवानगी नंतर मागेन.

सातांपैकी पाचांची नावं लागली,
तीही नवऱ्याच्या आधारानं.
पोसी तेवढी नुसतीच पोसी.
तिचा गोल पुरा मिटलेला नाही.
शाई संपली होती,
की बांगडी फुटली होती?
याला रकाना कसा करायचा, मला कळत नाही.

फाइल महाप्याला जाते,
थंडगार खोल्यांत, रात्रंदिवस घुमणाऱ्या कपाटांत.
तिथून खाडी किती लांब, कुणी मोजत नाही.

चढवताना पडद्यावर एक गोल फिरत राहतो,
जरासा उघडा.
तो थांबेपर्यंत मी उठत नाही.