पाणवठा क्रमांक चार

वैशाखी पुनव. पाटोद्याच्या पुढं, बालाघाटच्या उघड्या पाठीवर
आम्ही दोघं मोजायला बसलो.
तक्त्यावर सूचना छापल्यात: आवाज नको, अत्तर नको,
पांढरे कपडे नकोत.
गैबूचाचांचा सदरा धुऊन धुऊन मुरमाच्या रंगाचा झालाय.

बाभळीवर मचाण. खाली सिमेंटची बशी,
परवाच्या टँकरनं अर्धी भरलेली.
पहिल्या आल्या मधमाश्या. कडेकडेनं पाणी चोखून गेल्या.
त्यांना रकाना नाही.

सहा वीस. लांडोरी सात, मोर एक,
ओलं धुणं फरफटत न्यावं तसा पिसारा ओढत.
सात पाच. काळवीट नर एक, माद्या नऊ.
माद्या प्यायल्या. तो नुसता उभा राहिला,
शिंगांच्या पिळात शेवटचा उजेड अडकवून,
आणि तहानलेलाच गेला असावा;
शेऱ्यात हे लिहिता येत नाही.

मग माळ काळा. कुसळी एकमेकींना घासत राहिल्या.
रातव्याची चक्-चक्, कुणी दगडावर दगड मारत बसल्यागत.
सायाळ आली, काटे खुळखुळवत,
किल्ल्यांचा जुडगा हरवलेल्या बाईसारखी.
खोकड दोन. की एकच, दोनदा?

तीन दहा.
चांदण्यातून चांदणंच सुटून यावं तसा लांडगा.
मी श्वास धरला. चाचा कुजबुजले, "मादी लिवा."
कशावरून?
"पाणी पेताना तीनदा मागं बघितलं.
मागं कुनीतरी हाय."

तांबडं फुटलं तेव्हा तक्त्यात एकच ओळ उरली.
माळढोक.
चौदा वर्षं मी तिथं एकच शब्द लिहिते.
"निरंक नगा लिवू, बाई. मोकळं सोडा."
चाचा, कार्यालयातलं यंत्र मोकळा रकाना घेत नाही.
लाल होतो.

ते काही बोलले नाहीत. घोंगडी झटकली.
खाली उतरताना म्हणाले,
"चालायचा कसा म्हाईत हाय का?
मोजनीला आलेल्या तलाठ्यावानी. मान वर,
घाई न्हाई. समदा माळ त्याच्याच नावावर."

परतीची पायवाट तरवडाच्या झुडपांपाशी
उगाच वळते.
ना खड्डा, ना धोंडा. नुसतं पिवळं गवत.
"हितं अंडं व्हतं. एकच. उघड्यावर.
माझी आई शेरडं घेऊन वळसा घालून जायची,
मग समदेच जाया लागले."
किती वर्षं झाली?
"माझं लगीन व्हायचं व्हतं तवा."

ते पुढं. वळले.
मी मागं. पाय आपसूक वळला.

पाणवठा क्रमांक चार, वेळ सहा पन्नास.
लिहिलं मी निरंक.
पेन्सिलीनं.