उजवी बाजू

वर्षभर डावीकडूनच जेवले.
मेडिकेअरच्या लेखी गुडघा शरीरात येतो,
काळीज येतं,
दात येत नाहीत.
मेफिल्ड रोडवरच्या डॉक्टरने आकडा सांगितला
तेव्हा मी तोंड मिटलं.
मग फोनवर दाताच्या कण्या केल्या,
पलीकडे नुसती पियानोची टिणटिण.

शेवटी कॉलेजातला दवाखाना. पैसे निम्मे,
वेळ तिप्पट.

ओक्साना तिसऱ्या वर्षाला आहे.
माझं नाव, कुमुदिनी, तिला चक्क पहिल्या झटक्यात जमलं.
हातमोज्यातली तिची बोटं थरथरत होती.
मी आ वासून पडलेली,
धीर द्यायचा तो डोळ्यांनीच दिला.
दर थोड्या वेळाने ती थांबायची,
सर यायचे, आरसा घालायचे, हुं म्हणायचे, जायचे.
खिडकीत क्लीव्हलंडचा बर्फ.
दोन बस चुकल्या.

एकदम म्हणाली, हे कुणी केलंय?
मागच्या दाढेतली चांदी,
मिरजेत भरलेली, एकोणसत्तर साली.
तिने मैत्रिणींना हाक मारली.
चार डोकी माझ्या तोंडावर वाकली,
आडात कुणाची कळशी पडावी तशी.

सांगायचं होतं,
अगं, तोही शिकाऊच होता,
मिसरूड न फुटलेला, घामाघूम,
आणि आईने त्याला पैशांऐवजी
शेरभर हरभरे दिले होते, पदरातून.

पण ओठ बधिर, जीभ लाकूड.
नुसतं "अं" निघालं.

दुखतंय का, तिने विचारलं,
आणि उत्तराची वाट न बघता
कागदावर काहीतरी लिहून घेतलं.