वजाबाकी

तंबूत आम्ही दोघं शिरतो.
मग मी एकटा बाहेर पडतो, हात हलवत,
गरजेपेक्षा मोठ्यानं खोकत,
पक्ष्याला दिसावं की माणूस गेला.
दोनातून एक गेला की एक उरतो
हे भोवत्याला कळत नाही.
थोरा इसबिस्टरची सगळी फोटोग्राफी
त्याच्या या कच्च्या गणितावर उभी आहे.

आधी हे काम एर्लेंडचं, तिच्या नवऱ्याचं.
एका एप्रिलात तो असाच निघाला
हेदर तुडवत, खोकत,
गाडीत बसला, आणि थेट स्ट्रॉमनेस,
तिथून स्क्रॅबस्टरची बोट.
अंधार पडल्यावर ती ट्रायपॉड खांद्यावर टाकून
सहा मैल चालत आली.
त्या दिवशीचे फोटो मात्र छान आलेत, म्हणते.

मी त्याच बोटीवर इंजिनात होतो, आता निवृत्त.
लेन्समधलं मला कळत नाही.
निघून जाणं जमतं.
किल्ली तिच्या पिशवीत, तंबूत.
बंद गाडीच्या आडोशाला मी बसतो, थर्मास घेऊन.
किल्ली कधी मागितली नाही.

इथून साध्या डोळ्यांना दिसतो
टेकडीवर एक राखी ठिपका:
चढतो, उलटा होतो, कोसळतो,
जमिनीला लागणार तोच पुन्हा वर,
आभाळाला टाके घालावेत तसा.
काल एकेचाळीस मोजले.
खाली गवतात ती असणार, तपकिरी, ढिम्म,
जणू हे दुसऱ्या कुणासाठी चाललंय.
तसं असतंही.
ओढ्यापलीकडे त्याची दुसरी आहे;
थोराच्या परवान्यावर दोन्ही जागांची नोंद आहे.
भोवत्या नावाला जागतो:
सगळा वेळ भोवती, जवळ क्षणभर.

उजेड उतरला की मी पुन्हा तंबूत जातो.
आत एक जातो, बाहेर दोघं येतात.
त्याचंही त्याला काही वाटत नाही.

रात्री तिच्या स्वयंपाकघरात
धुरावलेल्या हॅडॉकच्या वासात
ती मला स्क्रीनवर दाखवते:
वर तो, पाय मोकळे सोडलेले.
खाली ती, हवेतच पाठीवर वळलेली, नख्या उघड्या.
मधे एक उंदीर,
त्याच्याकडून सुटलेला, तिच्यापर्यंत न पोचलेला,
शेपटीचा केस न् केस स्पष्ट.

"आणि नंतरचं?"

नंतर कुंपणाच्या खांबावर, चार सेकंद.
त्यानं पंख उघडून तोल धरलेला,
नख्या मिटून घेतलेल्या, तिला लागू नयेत म्हणून.
हे ती सांगते. फोटो नाही.
सात वर्षं थांबली होती त्या चार सेकंदांसाठी,
बोट बटणावर होतं,
तिथंच राहिलं.

"वारा होता," ती म्हणते, "कॅमेरा हलत होता."
ऑर्कनीत हे कारण कुठंही खपतं.
मी कप विसळून पालथे घालतो.

वारा नव्हता.
दिवसभर मी बाहेरच होतो.