शून्य निकाल

गावाचं नाव सूर, आणि पहिल्या सत्रात
माझा सूर काही लागत नव्हता.

खिडकीबाहेर खाडी, ओहोटीत कुशीवर कललेली गलबतं.
आत एसी एवढा, की वाचनालयात शाल घेऊन बसायचं.
निबंधाचा विषय: या किनाऱ्यावर बाहेरून आलेली माणसं.
संदर्भ किमान आठ. गुरुवारपर्यंत.

मी शोधाच्या चौकटीत अख्खं वाक्य लिहिलं,
अब्बांना विचारावं तसं:
माझ्या पणजोबांसारखे लोक कोकणातून इथे कसे आले
आणि आल्यावर काय करायचे?
शून्य निकाल.
मग नुसतं ‘समुद्र’.
चार लाख बारा हजार.
त्यात प्रवाळ, क्षारता, कोळंबीचे रोग,
कुणा नॉर्वेच्या माणसाचा पाणबुड्यांच्या कानांवरचा प्रबंध.
तो मी अर्धा वाचलाही.
सोमवार त्या कानांत गेला.

मंगळवारी मिस रय्या मागे येऊन उभ्या राहिल्या,
बोटांना मेंदी, चष्म्याला दोरी.
म्हणाल्या, हे यंत्र तुझा मामा नाही,
त्याला गोष्ट सांगू नकोस. शब्द दे.
आणि खुर्ची ओढून बसल्या.

‘आणि’ने जाळं आवळतं, ‘किंवा’ने पसरतं.
‘नाही’ मात्र जपून, मुली.
‘मासळी नाही’ म्हणालीस
तर मासळीबरोबर होडीही जाते.
दोन शब्द जोडीनेच हवेत, तर अवतरणात बांध.
शेवट नक्की ठाऊक नसेल तर तारा लाव,
पुढची अक्षरं तो बघून घेतो.
मी सगळं वहीत उतरवलं.
तारा तर मी विनाकारणच चार ठिकाणी लावला.

तरी हाती काय? नौदल, शिडांच्या शर्यती, खलाशी टोप्या.

तेव्हा त्या जरा थांबून म्हणाल्या,
तुम्ही स्वतःला काय म्हणत होता, ते इथे कुणी लिहिलेलं नाही.
लिहिणारा तुम्हाला काय म्हणायचा, ते शोध.
लस्कर टाकून बघ.
मी म्हटलं, लष्कर? आमच्यात सैन्यात कुणीच नव्हतं.
लस्कर, त्या म्हणाल्या. स ला स.

एकशे सत्तावीस निकाल.
आमच्या घरात कधी न उच्चारलेल्या शब्दामागे
एवढी माणसं दाटीने उभी होती.
एका नोंदवहीत: सागाच्या फळ्या, वजन अमुक.
काथ्या, वजन तमुक.
लस्कर, अकरा.
फळ्यांची लांबीसुद्धा दिली होती.

अब्बांना फोन लावला, दुपारच्या पाळीत, मागे भोंगा.
लस्कर? छ्या! ते तांडेल होते, तांडेल.
स्पेलिंग काय, अब्बा?
स्पेलिंग कशाला? तो शब्द हाक मारायचा आहे.

मी पाच तऱ्हांनी लिहिला, मध्ये ‘किंवा’ घालत गेले.
पाचवा ‘तिंडल’, कुणा साहेबाच्या कानाने ऐकलेला.
पान अठ्ठ्याऐंशी, तळटीप:
तिंडल दाऊद, रात्रपाळीला सुकाणूवर,
झोप येऊ नये म्हणून आकडे मोजतो.

माझ्या पणजोबांचं नाव दाऊद.
मी ओरडलेच असावे, कारण दोन मुलं वळून बघू लागली.
मिस रय्यांनी पडद्यावर बोट ठेवलं:
त्या काळी या पाण्यावर दाऊद किती असतील?
‘होता’ लिहू नकोस. ‘असू शकेल’ लिही.
मला राग आला. मग लिहिलं.
मग रात्री अंथरुणात आकडे मोजून पाहिले,
दोनशे चाळीसपर्यंत आठवतंय.

गुरुवारी संदर्भ सातच भरले.
आठव्याची रीत त्यांनीच दाखवली:
आडनाव आधी, स्वल्पविराम, मग नाव,
मग तारीख, मग माध्यम.

पेवेकर, यासीन. मंगळवार, दुपार.
दूरध्वनीवरून, तोंडी.
भोंगा कुठे लिहायचा, ते नियमावलीत सापडलं नाही.