दोन फुल, एक हाफ

एस.टी.त स्टाफच्या घरच्यांना पास मिळतो.
फॉर्मवर रकाने असतात : पती, मुलं, आईवडील.
मालन आम्हाला कुठल्या रकान्यात बसवणार?
म्हणून सुट्टीच्या दिवशी हरिपूरहून कुठंही निघालो
की ती स्वतःचा पास पिशवीत तळाला दडपायची
आणि आपल्याच डेपोतल्या कंडक्टरला सांगायची,
"दोन फुल, एक हाफ."
मशीन कुरकुरायचं.
"कशाला गं पैसे घालवतीस?" आई म्हणायची.
मालन तिकिटाची घडी माझ्या फ्रॉकच्या खिशात सारायची.
"असू दे. तिघींचं एक."

शालन आणि मालन.
नावं जुळली म्हणून गल्लीनंच त्यांना बहिणी करून टाकलं.
त्यांनीही खोडून काढलं नाही.
"मावशी व्हय गं तुझी?"
मी म्हणायची, "व्हय."
एवढासा शब्द. दातात अडकलेल्या बडीशेपेसारखा
दिवसभर जिभेला लागत राहायचा.

आई हळदीच्या गोदामात.
सांगायची, महापुराआधी इथं जमिनीत पेवं होती,
पोत्यांनी भरलेली, तोंडं मातीनं लिंपलेली.
पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतं,
आतली कोंडलेली हवा माणूस मारते.
आधी कंदील सोडायचा.
विझला, तर थांबायचं.

मुक्कामाची गाडी करून मालन सकाळी यायची,
डोळ्यांत झोप, बॅगेत चिल्लर.
आई कामावर निघताना तिच्या खांद्यावर हात टेकायची,
बोलायचं काहीच नाही.
खाकीवर पिवळा पंजा उमटायचा.
कुठल्याच साबणानं तो पुरता जायचा नाही.
डेपोत कुणी विचारलंच तर मालन म्हणायची, "देवाला गेले होते."
मला कुणी काही समजावून सांगितलं नाही.
मी तो पंजा वाचला.

तेरावं लागलं, माझं हाफ संपलं.
त्याच वर्षी वर्गातली दीपाली घरी आली,
एकच गादी बघून म्हणाली, "ही कोण?"
मी म्हणाले, "भाडेकरू."
मालन मोरीत भांडी घासत होती.
भांड्यांचा आवाज थांबला, परत सुरू झाला.
रात्री माझ्या ताटाखाली शंभराची नोट.
"या महिन्याचं भाडं," ती म्हणाली
आणि हसली, खरंखुरं, खळखळून,
आणि आईनं भाकरी तव्यावर करपू दिली.
ती नोट मी अजून मोडलेली नाही.

आता सरकारनं समद्या बायांना हाफ केलंय.
परवा आईचे डोळे दाखवायला मिरजेला निघालो,
मालन रिटायर, गुडघा धरून खिडकीशी.
कंडक्टर नवा, मिसरूड फुटलेला.
"किती?"
"तीन हाफ," मालन म्हणाली, मग स्वतःशीच,
"बघ की शालन, एवढी वर्षं फुल भरलं आपण."
शेजारची बाई सरकून बसली. "बहिणी का?"
व्हय ओठापर्यंत आलं.
मी कंदील सोडला.
"नाही. दोघी माझ्या आया आहेत."
बाई थोडा वेळ गप्प.
मग पिशवीतून द्राक्षं काढून
तिनं एक घड मालनच्या पदरात टाकला,
आंबट होती.
कंडक्टर अजून उभाच.
"तिकिटं वेगवेगळी का एकत्र?"
आई खिडकीबाहेर बघत होती. तिचा हात
मालनच्या गुडघ्यावर, उघड्यावर, पिवळा.
"एकत्र," मी म्हणाले. "आणि कागद माझ्याकडं दे."