आतली बाजू

पार्किंगमध्ये सतरंजी, वर एक ट्यूब,
एप्रिलची रात्र, साडेनऊ वाजूनही भिंत तव्यासारखी.
जुळे सोलापुरातल्या त्या चार मजली सोसायटीनं
मला बोलावलेलं, नव्या पेठेतला कुलूपवाला म्हणून,
पिशवीत नमुने घेऊन.

मी मांडले. सात लिव्हरचं, नाईट लॅच,
बोटाचा ठसा ओळखणारं एक, अठरा हजारांचं,
जे सगळ्यांनी नव्या नवरीसारखं बघितलं
आणि परत पिशवीत घालायला लावलं.

सेक्रेटरी इंडीकर सर बोलत राहिले:
जिन्याच्या तोंडाशी लोखंडी दार,
अकराला कुलूप म्हणजे कुलूप,
किल्ली वॉचमनकडे.
वॉचमन? तो पुढच्या महिन्यापासून.
कुणी म्हणालं, दूधवाल्याचं काय?
कुणी म्हणालं, पाणी येतं पाचव्या दिवशी,
तेही रात्री अडीचला, मग मोटर कोण लावणार?
हशा झाला. चहा आला.

तळमजल्यावरच्या नरसव्वा येमूल
कोपऱ्यात सूप घेऊन विड्या वळत होत्या,
न बघता. पान, तंबाखू, दोरा.
मान वर न करताच म्हणाल्या,
"आतनं किल्ली लागतंय का वो त्याला?"

लागते, मी म्हणालो, दोन्हीकडून. पक्कं काम.

"ह्यांच्या कारखान्याला बी लागायची.
रात्रपाळीला भायेरनं कुलूप,
टॉवेल चोरीला जातेत म्हणून.
किल्ली शेठच्या उशाला."
दोऱ्याची गाठ मारली.
"टॉवेल एक बी गेला नाही चोरीला.
सगळे तिथंच घावले. काळे."

ट्यूबभोवती पाखरं.
इंडीकर सरांनी वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं.

दोन दिवसांनी मी बसवलं ते वेगळंच होतं.
बाहेरून सात लिव्हर,
आतून एक पितळी खुंटी,
पोराच्या बोटानंही फिरावी अशी.
तेल सोडलं. दार लावलं. म्हटलं, बघा नरसव्वा.
त्यांनी विड्या वळून गुळगुळीत झालेला अंगठा टेकवला.
खट्.
उघडलं. लावलं. परत उघडलं.
अकरा वेळा. मी मोजलं.
खुंटीचे दोनशे साठ सरांनी बिलातून कापले,
मी वाद घातला नाही.

भर दुपारी सायकल हाणत शास्त्रीनगरला आलो.
आमच्या खोलीला मी घडवलेलं कुलूप,
गल्लीत कुणाच्या बापाला उघडणार नाही असं.
अब्बा हल्ली विसरतात. रस्ता, वार, माझं नाव.
म्हणून रोज सकाळी निघताना
बाहेरून.

पत्रा तापलेला. आत पंख्याची घरघर.
किल्ली हातात धरून मी उभा,
आणि पलीकडून, कडीच्या उंचीवर,
नखाचा आवाज,
सावकाश, नेमका,
लिव्हर चाचपत जावं तसा.
असंच शिकवलं होतं त्यांनी मला, आठव्या वर्षी:
घाई नाही करायची बेटा, कुलूप स्वतः सांगतं.

आतल्या बाजूला तर
नुसती फळी आहे.